आधी गाडी धरा, मग चाक सोडा

परवा राहात्याला एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून मंगल कार्यालयाच्या पटांगणात जरा पाय मोकळे करायला निघालो. गाड्या लावल्या होत्या त्या बाजूला एका रांगेत अकरा थोराड गाड्या उभ्या होत्या. उंच, रुंद, पायरीवर पाय देऊन चढावे लागेल अशा. त्यांतल्या तीन-चार गाड्यांच्या पाठीवर ‘फोर बाय फोर’ची मोठी खूण होती. म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या. ऊस, दूध, डाळिंब, काही ठिकाणी जमिनीला आलेले भाव, यांतून आमच्या जिल्ह्यात या गाड्या आल्या आहेत. ज्यांच्या वडिलांनी बैलगाडीत आयुष्य काढले त्यांच्या दारात आज अशी गाडी उभी राहते, याचा मला आनंदच आहे.

सवयीने शिक्षक असल्यामुळे मला प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. एका ओळखीच्या बागायतदाराला विचारले, “स्टेपनी शेवटची कधी खाली काढली होती?” तो हसला. म्हणाला, “सर, गाडी घेतल्यापासून तिचं तोंडही पाहिलं नाही. वेळ आलीच तर फोन करायचा.” दुसऱ्याचेही उत्तर तेच. तिसऱ्याला तर आपल्या गाडीची स्टेपनी मागच्या दारावर आहे की पोटाखाली, हे आठवायला क्षणभर थांबावे लागले.

वाचकांना वाटेल, लग्नाच्या मांडवात हा काय विषय काढला! पण गेल्या श्रावणात जे घडले, त्यानंतर मी हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

माझ्या पुतण्याने नवी गाडी घेतली होती. दोन टनांच्या घरातले तिचे वजन. श्रावणातला रविवार गाठून आम्ही संगमनेरहून रतनवाडीला अमृतेश्वराच्या दर्शनाला निघालो. पुतण्या, त्याची बायको, त्यांची दोन मुले, मी आणि माझी पत्नी असे सहाजण. अकोले, राजूर मागे टाकून शेंडीला पोचलो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याला वळसा घालून जाणारा रस्ता मुतखेल, कोलटेंभ्यावरून रतनवाडीकडे जातो. पावसाळ्यात या वाटेने ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना वर्णन करून सांगायला नको. आमच्याच जिल्ह्यात पाथर्डी-जामखेडकडे लोक टँकरची वाट बघतात आणि या टोकाला घाटघरला लोक ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात. अहिल्यानगर हे नाव २०२४ मध्ये सरकारी दप्तरी आले. पण तोंडी अजून नगरच आहे.

मुतखेल सोडल्यावर थोड्या वेळाने डाव्या बाजूने फटफट असा आवाज यायला लागला. उतरून पाहिले तर मागचे डावे चाक बसलेले. रस्त्याच्या कडेच्या धारदार दगडाने टायरची बाजू बोटभर चिरली होती. जागा उताराची. डांबर संपून साइडपट्टी सुरू होत होती, आणि साइडपट्टी म्हणजे नुसता भिजलेला मुरूम. फोनला रेंज नाही. ज्या मदतकेंद्राचा क्रमांक काचेवर डकवला होता, तो काचेवरच राहिला.

पुतण्या उमदा मुलगा आहे. त्याने बाह्या सरसावल्या. अर्धा तास जॅक शोधण्यात गेला, कारण तो सीटखालच्या कप्प्यात होता आणि कप्प्यावर सगळ्यांच्या पिशव्या होत्या. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली. ती खाली सोडायला मागच्या बंपरच्या भोकातून एक लांब दांडा घालून फिरवावा लागतो, हे त्याला पुस्तिका वाचून कळले. पाऊस वाढला म्हणून मुले आत बसली, त्यांची आई आत बसली, माझी पत्नीही आत बसली. मी छत्री धरून बाहेर उभा होतो. पुतण्याने हातब्रेक ओढला, जॅक सरळ त्या ओल्या मुरमावर ठेवला आणि फिरवायला सुरुवात केली.

इथेच मी बोलायला हवे होते. जॅकखाली फळी नाही, चाकांना दगड नाहीत, गाडीत चार माणसे बसलेली, जागा उताराची. यातल्या प्रत्येक गोष्टीत काय चुकते आहे हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक होते. तरी मी बोललो नाही. कारण सकाळीच एका वळणावर मी काही सुचवले तेव्हा तो सौम्यपणे म्हणाला होता, “काका, मला माहीत आहे.” हल्लीच्या मुलांना सारखे शिकवत राहू नये, असा एक शहाणपणा आम्हा म्हाताऱ्यांमध्ये आला आहे. तो शहाणपणा त्या दिवशी फार महागात पडणार होता.

चाक जमिनीपासून वर उचलले गेले. पुतण्याने नट काढले, चाक ओढून बाजूला ठेवले आणि स्टेपनी आणायला उठला. तो उठला आणि जॅकचा पाया मुरमात एका बाजूने खचला. जॅक तिरका झाला, गाडी दोन वितींएवढी खाली सरकली आणि धाडकन आवाज करीत बसली. आत मुले किंचाळली. ज्या जागी गाडीचा उघडा पडलेला अवयव जमिनीत रुतला होता, तिथेच क्षणापूर्वी पुतण्याचे दोन्ही हात होते.

कुणाला काही झाले नाही. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि माझ्या हातातली छत्री केव्हा गळून पडली मला कळले नाही.

शेजारच्या खाचरात आवणी चालली होती. आवाज ऐकून डोक्यावर इरले घेतलेला एक माणूस बांधावरून आमच्याकडे आला. वय माझ्याएवढेच असेल. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि पहिला प्रश्न केला, “एवढी मोठी गाडी, आन् फळी न्हाई?” मग त्याने सगळ्यांना गाडीतून खाली उतरवले. मुलांना बांधापलीकडे उभे केले. तीन मोठे दगड आणून जमिनीवरच्या चाकांना उताराच्या बाजूने ठोकून बसवले. घरून एक जाड फळी आणि दुसऱ्या एका मोटारवाल्याकडून आणखी एक जॅक आणला. “आधी गाडी धरा दादा,” तो पुतण्याला म्हणाला, “मंग चाक सोडा. तुमी चाक आधी सोडलं.” पुढे बोलता बोलता कळले की तो तरुणपणी साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर होता. भरल्या ट्रॉलीचे चाक शेतातल्या चिखलात बदलणाऱ्याला काय शिकवायचे राहिले असणार!

आम्ही रतनवाडीला पोचलो, दर्शन घेतले, परत आलो. पण त्याचे ते वाक्य काही माझा पिच्छा सोडीना. कारण ते मी आधी ऐकले होते.

माझे मामा लष्करात वाहनचालक होते. नगर हे शहर लोकांना भुईकोट किल्ल्यामुळे, चांदबीबीमुळे माहीत असते. पण ते वाहनांचेही शहर आहे. रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशाला इथे आहे. यांत्रिक पायदळाचे केंद्रही इथेच. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा जिथे आहे त्या वसाहतीचे नावच मुळी वाहननगर. १९९४ मध्ये सुरू झालेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात मुलांना घेऊन गेलेले वाचक पुष्कळ असतील. तिथे रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटारही उभी आहे. अशा गावात मामांची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी जीप घेतली. महिंद्रांनी चाळिशीच्या दशकाअखेरीस मुंबईत ज्या अमेरिकी विलीस जीपची जोडणी सुरू केली, त्याच घराण्यातली.

१९७४ साली नगरहून पाथर्डीला जाताना करंजीच्या घाटात तिचे डावे चाक पंक्चर झाले. मामा म्हणाले, “काढ.” मी कॉलेजात होतो, अंगात रग होती. पाना लावला आणि उजवीकडून डावीकडे जोर केला. नट हलेना. पान्यावर उभा राहिलो. हलेना. मामा मैलाच्या दगडावर बसून शांतपणे बिडी ओढत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “बोल्टाच्या तोंडावर काय कोरलंय ते वाच.” वाचले. तिथे इंग्रजी ‘एल’ हे अक्षर होते. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून ही योजना. इतका वेळ मी नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. सगळा जोर उलट्या दिशेने.

दुसरा धडा त्याहून मोठा होता. मी जॅक लावायला वाकलो तशी मामांनी मागून कॉलर धरली. “दगड कुठंयत?” मी म्हणालो, “हातब्रेक ओढलाय, गिअरमध्ये टाकलीय, दगड कशाला?” तेव्हा त्यांनी घाटात बसून समजावून सांगितले. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा जो फिरता शाफ्ट असतो, त्याला तो धरून ठेवी. शाफ्ट धरला म्हणजे दोन्ही चाके धरली गेली असे वाटते. पण वळणावर एक चाक जास्त आणि दुसरे कमी फिरावे म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असते. एक चाक जॅकवर उचलले की ते हवेत मोकळे होते. मग ते उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक खुशाल पुढे चालू लागते. हातब्रेक शेवटपर्यंत ओढलेला, गाडी गिअरमध्ये, तरी गाडी जॅकवरून उतरून दरीकडे! म्हणून मामा चाक उचलण्याआधी फोर व्हीलचा दांडा टाकीत, म्हणजे जमिनीवर असलेली पुढची दोन चाकेही शाफ्टला जोडली जात. आणि तरीसुद्धा दगड लावीत. “जॅक गाडी उचलायला असतो, धरायला नसतो,” हे त्यांचे वाक्य. रतनवाडीच्या वाटेवर भेटलेला माणूस वेगळे काय सांगत होता?

आजच्या बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्या चाकांवरच असतो. तेव्हा प्रश्न सुटला असे कुणी समजू नये. मागचे एक चाक उचलले की ब्रेक लागलेले एकच चाक जमिनीवर उरते. दोन टन वजन ओल्या उतारावर त्या एका चाकाच्या भरवशावर! चारही चाकांना जोर आहे म्हणजे चारही चाकांना हातब्रेक आहे असे नाही. ही गाडी चिखलातून बाहेर काढते, हे तिचे खरे सामर्थ्य. पण चिखलात ती उभी कशी करायची, हे आपले आपल्यालाच करावे लागते.

म्हणून, लेखात उपदेश नको असे म्हणणाऱ्यांची क्षमा मागून, क्रम सांगतो. पंक्चर कळले की लगेच जिथल्या तिथे थांबू नका. टायर खराब झाला तरी चालेल, पण हळूहळू सपाट, टणक आणि वळणापासून दूर अशी जागा गाठा. मागेपुढे दिवे लुकलुकते ठेवा. माणसे खाली उतरवा आणि रस्त्यापासून लांब उभी करा. जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. उतार असेल तर जमिनीवरच्या बाकीच्या चाकांनाही लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-एक आटा सैल करा, कारण चाक हवेत असताना जोर केला तर गाडी हलते. जॅकखाली जाड फळी ठेवा. जॅक कुठे लावायचा याची जागा पुस्तिकेत दाखवलेली असते, तिथेच लावा. चाक काढण्यापूर्वी स्टेपनी आडवी करून गाडीच्या पोटाखाली सरकवा. जॅक निसटलाच तर गाडी तुमच्या हातावर न पडता तिच्यावर पडेल. चाक काढले की ते खाली घाला आणि स्टेपनी बाहेर घ्या. या गाड्यांचे एक चाक तीस किलोच्या आसपास भरते. ते छातीशी धरून उचलायला जाऊ नका. जमिनीवर बसा, चाकाखाली पाय किंवा टॉमी घालून ते वर तोला आणि बोल्टावर सरकवा. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा आवळा, आणि चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर आणखी एकदा तपासा.

फोर बाय फोरवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. स्टेपनी बाकीच्या टायरांहून वेगळ्या मापाची असेल, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावून गाडी पळवू नका. चाके लहानमोठी असली की प्रत्येक फेरीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि गिअरच्या पेटीवर ताण येतो.

हे सगळे लिहिताना ‘स्टेपनी’ या शब्दाची गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्यामुळे गाडीला मऊपणा आला आणि पंक्चरही आले. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. पंक्चर झाले की रस्त्यात बसून ट्यूब काढायची. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली या गावी डेव्हिस बंधूंनी जादा चाकाची युक्ती काढली. त्यांचे दुकान होते स्टेपनी रस्त्यावर. त्या रस्त्याचे नाव चाकाला लागले. विलायतेत तो शब्द केव्हाच विसरला गेला. पण आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या टपरीपासून एसटीच्या आगारापर्यंत तो अजून जिवंत आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. तेव्हापासून या रस्त्यांवर तो शब्द किती हजारदा उच्चारला गेला असेल!

आता शब्द राहील आणि वस्तू जाईल, अशी वेळ आली आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब कमी झाल्याचे सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर बुजवायचे साहित्य दिले असेल, तर तिला जादा चाक असलेच पाहिजे असे बंधन उरले नाही. त्यामागचा विचार अगदीच चुकीचा नाही. जागा वाचते, वजन वाचते, विजेवर चालणाऱ्या गाडीत बॅटरीला जागा मिळते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला तर हवा हळूहळू जाते. खिळा न उपटता दुकानापर्यंत जाता येते, किंवा जागच्या जागी भोक बुजवता येते. पुण्या-मुंबईच्या माणसाला स्टेपनी म्हणजे बिनभाड्याची पोटभाडेकरू वाटावी, हे मला समजते.

पण हे साहित्य चालते ते टायरच्या तळाला पडलेल्या खिळ्याच्या भोकाला. टायरची बाजू दगडाने चिरली तर त्यापुढे ते हात टेकते. आणि आमच्या घाटांत, शेतवाटांवर, खडी उखडलेल्या रस्त्यांवर टायरची बाजूच चिरते. मुतखेलजवळ आमच्यापाशी स्टेपनी नसती, तर जगातला कितीही चांगला डिंक घेऊन आम्ही संध्याकाळपर्यंत पावसात बसलो असतो. फोन करू म्हणावे तर फोन लागत नव्हता. गुळगुळीत रस्त्यासाठी केलेला नियम खडकाळ रस्त्यावर तसाच लागू पडत नाही. नियमाने स्टेपनी देऊ नका असे म्हटलेले नाही. देणे बंधनकारक नाही एवढेच म्हटले आहे. तेव्हा गाडी घेताना हट्ट धरणे आपल्या हातात आहे. छताला काच आहे का, पडदा केवढा आहे, हे आपण विचारतो. “स्टेपनी आहे का, आणि ती बाकीच्या चाकांच्याच मापाची आहे का?” हेही विचारले पाहिजे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. प्रत्येकाने सगळेच का शिकायचे? सुतारकाम सुताराने करावे, पंक्चर पंक्चरवाल्याने काढावे. हायवेवर ठिकठिकाणी जुने टायर टांगलेली दुकाने आहेत. त्यांतली कित्येक दूर केरळातून आलेल्या कष्टाळू माणसांनी थाटलेली. त्यांचा धंदा त्यांना करू द्यावा. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. किंबहुना द्रुतगती मार्गावर आपण होऊन चाक बदलायला बसू नये, असेच माझे मत आहे. समृद्धी महामार्ग आता आपल्या कोपरगाव तालुक्यातून जातो. त्याच्यासारख्या रस्त्यावर वाहने ज्या वेगाने येतात, तिथे रस्त्याच्या बाजूचे चाक उघडणे म्हणजे मरणाला पाठ दाखवून बसणे. तिथे माणसे कठड्याबाहेर न्यावीत, दिवे चालू ठेवावेत आणि त्या मार्गाच्या मदतकेंद्राला बोलवावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक त्यासाठीच आहे. कुठे हात घालायचा नाही हे कळणे, हाही त्याच विद्येचा भाग आहे.

पण जिथे कुणी येणार नसते, अशा जागी जाण्यासाठीच तर आपण ही गाडी घेतो! फोर बाय फोर घेणारा माणूस सांगतो, “रस्ता नसला तरी जाते.” मग रस्ता नसेल तिथे दुकान कुठून असणार? घोडा घेतला आणि नाल कशी पाहायची हे शिकलोच नाही, अशी आपली गत झाली आहे. गाडीची ताकद वाढली तसे आपले हात दुबळे झाले. आणि गाडी जितकी जड, तितकी हातांची चूक महाग.

मला वाहन परवान्याच्या चाचणीतही हे अपुरेपण दिसते. माझ्या वेळी गाडी पुढे नेली, मागे घेतली, वळवली, परवाना मिळाला. पुतण्याचेही तसेच झाले. चाक बदलून दाखव, असे आम्हा दोघांना कुणी सांगितले नाही. निदान जड वाहन घेणाऱ्याला तरी किल्ली हातात देताना विकणाऱ्याने एकदा समोर उभे राहून चाक बदलायला लावावे. हार घालतात, पेढे देतात, फोटो काढतात. त्यात आणखी अर्धा तास गेला तर मुहूर्त काही टळणार नाही.

पण सरकार आणि दुकानदार यांच्यावर सगळे ढकलून मोकळे होण्याचा मला अधिकार नाही. रतनवाडीच्या वाटेवर ज्याला क्रम ठाऊक होता, असा एक माणूस छत्री धरून गाडीजवळच उभा होता. मामांनी घाटात बसून जे मला दिले, ते मी पुढे कुणालाच दिले नव्हते. स्वतःच्या मुलीलाही नाही. तिला कविता शिकवल्या, व्याकरण शिकवले. चाक बदलणे हे तिचे काम आहे असे कधी वाटलेच नाही. आज ती नाशिकला एकटी गाडी चालवत नोकरीला जाते. ‘माहीत आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसणे याला आम्ही समजूतदारपणा म्हणतो. त्या दिवशी त्याची बोटे गेली असती, तर त्या समजूतदारपणाचे मी काय केले असते?

दिवाळीत सगळे घरी जमले तेव्हा मी धीर करून म्हणालो, “उद्या सकाळी खळ्यावर गाडी लावा. प्रत्येकाने एकेकदा चाक काढायचं आणि बसवायचं.” पुतण्या काही म्हणाला नाही, त्यानेच सर्वांत आधी दगड आणून ठेवले. त्याने बदलले, त्याच्या बायकोने बदलले, माझ्या मुलीने बदलले. मुलीला पहिल्या वेळी पाऊण तास लागला. नट सुटेना तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. मी पायरीवर बसून चहा पीत होतो. मामांची आठवण झाली. पण मी त्यांच्याइतका थांबू शकलो नाही, उठलो आणि सांगितले, “पाना आडवा धर, टोकाला धर, आणि खाली दाब.” नट करकरत सुटला. तिचे हात ग्रीसने काळे झाले होते आणि चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला होता.

शेवटी राहिली ती फळी. मुतखेलच्या त्या गृहस्थांची फळी आम्ही चिखलातून काढून, धुऊन परत दिली होती. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुतण्याने सुताराकडून तशीच एक करून घेतली आहे, हातभर लांब, दोन इंच जाड. ती त्याच्या गाडीत मागच्या सीटखाली असते आणि तिच्यावर पिशव्या ठेवायच्या नाहीत, असा घरात नियम आहे.

आज रविवार आहे. गाडी दारात असेल तर चहा झाल्यावर एकदा खाली उतरा. स्टेपनी कुठे आहे ते पाहा, तिच्यात हवा आहे का ते पाहा, जॅक बाहेर काढून फिरवून बघा. मुलांनाही सोबत घ्या. आणि घरात एखादा म्हातारा छत्री धरून गप्प उभा असेल, तर त्याला बोलते करा.